पाच बोटांची बशी

आवडाबाईंना शिक्षिका व्हायचंच नव्हतं. निवृत्त झाल्यावरही गारखेड्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर भाजी निवडत बसल्या की त्या हे सांगतात. "मला जंतू बघायचे होते," म्हणतात, आणि समोरच्या बाईचं तोंड वाकडं झालेलं बघून खदखदा हसतात. पुढचं सांगताना मात्र हसू उतरत जातं. कारण पुढं त्यांची आई येते.

आई म्हणजे म्हाळसाबाई गडदे. खुलताबादच्या पलीकडं डोंगराच्या पोटाशी त्यांची धनगरवस्ती. वडील मल्हारराव दिवाळी झाली की मेंढरं घेऊन खाली गंगथडीला, गोदावरीच्या काठाला, उतरायचे, ते आभाळ भरून यायला लागल्यावरच परतायचे. मधले सगळे महिने घर, चार शेळ्या, एक म्हैस आणि आवडा हे म्हाळसाबाईंच्या अंगावर. त्यातली आवडा शिकायला औरंगाबादला गेली. वस्तीवरची पोरगी सायन्सला, तेही वसतिगृहात राहून, हे १९८१ साली कुणाला खरं वाटत नव्हतं. म्हाळसाबाई मात्र विचारेल त्याला सांगायच्या, "महि पोरगी बारकी जित्राबं शिकाया गेली."

हे जित्राबांचं आवडानंच सांगितलं होतं. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र होतं. सूक्ष्मदर्शकाखाली दह्याचा एक थेंब पाहिला आणि ती वेडीच झाली. नुसत्या काड्या काड्या, एकमेकींना चिकटून उभ्या! पुढच्या रविवारी घरी येऊन तिनं चुलीपुढंच पाट मांडला.

"माय, दह्यात जित्राबं असतात. लाखानं."

"मग राखतं कोण त्यायला?"

"कुणी नाय. आपली आपली वाढत्यात."

"बिगर राखनीची?" म्हाळसाबाई भाकरी थापता थापता थांबल्या. "तुह्या बाला सांग. उगं बिचारा उन्हातान्हात हिंडायलाय."

दोघी इतक्या हसल्या की तव्यावरची भाकरी करपली. आवडाबाई म्हणतात, मायसंगं तसं मोकळं हसणं त्या साली शेवटचं.

झालं ते एका प्रॅक्टिकलमुळं. दुधाची परीक्षा करायची होती. मॅडमनी सांगितलं, सगळ्यांनी कच्चं दूध घेऊन या, न तापवलेलं. शहरातली मुलं गल्लीतल्या गवळ्याकडून आणणार होती. आवडाला वाटलं, आपण दाखवून देऊ. खरं दूध काय असतं ते! आदल्या दिवशीच ती वस्तीवर आली. म्हैस नुकतीच व्यालेली, खरवसाचे दिवस सरून चांगलं दूध सुरू झालेलं.

"उद्या पहाटंचं दूध मला पाहिजे माय. डबाभर. कॉलेजात न्यायचंय."

"कुनाला प्यायला?"

"प्यायला नाय, बघायला."

"बघायला?" म्हाळसाबाईंचा हात थबकला. "कोन कोन बघनार?"

"सगळा वर्ग. साठ जण. वर मॅडम. काचेच्या नळीत घालून बघणार."

आवडा हे फुशारकीनं बोलली होती. म्हाळसाबाईंच्या मनात वेगळंच सुरू झालं. नव्या व्यालेल्या म्हशीचं निरसं दूध तसं घराबाहेर देत नाहीत. द्यायची वेळ आलीच तर त्यात देठासकट एक मिरची आणि चुलीतला कोळसा टाकायचा, म्हणजे नजर दुधाला लागते, म्हशीच्या सडांपर्यंत जात नाही. त्यांच्या सासूनं तसं केलं, सासूच्या सासूनं केलं. आणि इथं तर साठ माणसं डोळे फाडून बघणार होती.

पहाटे धार काढली. आवडा आत वेणी घालत होती. म्हाळसाबाईंनी गोठ्याच्या दारावर अमावस्येला बांधलेल्या लिंबू-मिरचीतली एक मिरची तोडली, चुलीतला विझलेला कोळसा घेतला आणि दोन्ही डब्यात सोडलं. फडकं झाकून डबा तसाच ठेवला. पोरगी शिकलेली, बघेल तर कालवा करेल, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून लांबून एस.टी.चा आवाज आला तेव्हा दोन बोटांनी मिरची आणि कोळसा काढून रस्त्याकडं भिरकावला, झाकण दाबलं आणि डबा लेकीच्या हातात दिला.

"सांभाळून ने."

"ए अम्मा, डब्बा गोद में रख, लोगां पे गिरेंगा," कंडक्टर ओरडला. दौलताबादचा घाट उतरेपर्यंत आवडानं तो डबा तान्ह्या पोरासारखा मांडीवर धरून ठेवला.

प्रॅक्टिकल सोपं होतं. प्रत्येकाचं दूध टेस्ट ट्यूबमध्ये घ्यायचं, त्यात निळ्या रंगाचं औषध घालायचं, बूच लावून कोमट पाण्यात ठेवायचं. जंतू कमी असतील तर निळेपणा तासन्‌तास टिकतो. जास्त असतील तर रंग भराभर उडतो आणि दूध पुन्हा पांढरं होतं. स्टँडवर निळ्या नळ्यांची ओळ लागली. मुलं गप्पा मारायला लागली. आणि कुणीतरी म्हणालं, "अरे, ही बघा, ही गेली!"

ओळीत एकच नळी पांढरी झाली होती.

"कुणाची?" मॅडमनी विचारलं.

आवडाला आपला नंबर दिसत होता. तिनं वही उघडून त्यात डोकं घातलं.

"कुणाची आहे ही?"

"माझी."

"कुठून आणलं दूध?"

"घरून. आमच्या म्हशीचं."

"धार कोण काढतं?"

"आई."

"मग आईला सांग, आधी हात धुवायचे. मग सडं धुवायची. मग भांडं. इतकं दूषित दूध या वर्गात अजून आलं नव्हतं."

मॅडम काही वाईट नव्हत्या. पुस्तकात जे लिहिलं होतं तेच त्या बोलल्या. पण मागच्या बाकावरून द्वारका नावाची तिची मैत्रीणच म्हणाली, "गडद्यांच्या म्हशीनं गेल्या दसऱ्यालाच अंघोळ केली म्हणं!" आणि सगळा वर्ग फुटला. आवडासुद्धा हसली. हसावंच लागलं. कानाच्या पाळ्या मात्र तापलेल्या तव्यासारख्या झाल्या होत्या.

त्या आठवड्यात तिनं प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांकडून एक तयार बशी मागून घेतली. काचेची, झाकणाची, आत अगारचा गोठलेला थर. त्यावर बोट टेकवलं की बोटावरचे जंतू त्यात उतरतात, उबेला ठेवले की वाढतात आणि डोळ्यांना दिसायला लागतात. रविवारी ती बशी रुमालात गुंडाळून वस्तीवर आली.

"माय, यावर बोटं टेकव. पाचही. दाबू नकोस."

म्हाळसाबाईंनी हात पदराला पुसला आणि टेकवला. "मऊ हाये गं. खरवसावानी." मग लेकीकडं बघून म्हणाल्या, "तुही बी टेकव की शेजारी. जागा हाये."

"मला काय करायचंय?"

"नुसती आपली. दोघींची राहू दे."

"नको म्हणलं ना!"

बशी परत गेली, उबेच्या पेटीत राहिली, आणि पुढच्या रविवारी पुन्हा वस्तीवर आली. आता तिच्यावर पाच बोटं उगवली होती. एकाच्या जागी दुधी ठिपक्यांचा झुबका, एकाच्या जागी पिवळे मणी, अंगठ्याच्या जागी सुरकुतलेलं, सायीसारखं काहीतरी पसरलेलं.

"हे काय गं?"

"हे तुझे हात."

म्हाळसाबाई बशीकडं बघत राहिल्या. मग आपल्या हाताकडं. मग पुन्हा बशीकडं.

"ह्या हातानं धार काढतीस तू. ह्याच हातानं भाकरी देतीस. साठ जणांत माझं नाक कापलं गेलं, माय. माझी एकटीची नळी पांढरी झाली. लोकं हसली!"

"दुखत तर नाय काही," म्हाळसाबाई पुटपुटल्या.

"ते दुखत नसतं!"

"तुला लहानपनी ह्याच हातानं..." एवढंच म्हणून त्या उठल्या. बाहेर दगडावर जाऊन राखेनं हात घासायला बसल्या. आवडाला आतून घासण्याचा आवाज येत होता. तिला वाटलं, चला, पटलं.

खरंच पटलं होतं. पुढच्या खेपेला म्हाळसाबाईंनी भाकरी हातानं वाढली नाही, फडक्यानं उचलून ताटात ठेवली. भाजी पळीनं. पूर्वी त्या चुरमा करताना भाकरी गुळात कुस्करून लेकीच्या तोंडात घास घालायच्या. आता ताट पुढं सरकवून लांब बसायला लागल्या. आवडाला हे बरं वाटलं, हेच आवडाबाईंना आज सहन होत नाही. वसतिगृहातल्या मुलींना ती सांगायची, "माझी आई आता एकदम स्वच्छ झाली."

प्रयोगशाळेत मात्र तिचं मन पुन्हा रमलं नाही. पांढऱ्या कोटात हात घातला की ते हसणं कानात वाजायचं. वर्ष पास झाली, पण पुढं गेली नाही. मल्हारराव गंगथडीहून आले, त्यांनी डी.एड.चं काढलं. "मास्तरीन व्हय. नोकरी पक्की. जंतूला कोन पगार देतं?" आवडा मास्तरीण झाली. चिकलठाण्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या रामकिसनशी लग्न झालं. हळदीत म्हाळसाबाईंनी लेकीला आंब्याच्या पानानं हळद लावली. तळवा लावला नाही. बायका म्हणाल्या, म्हाळसा लई सोवळी झाली गं.

पहिलं बाळंतपण वस्तीवर झालं. पोरीला तेल लावायची वेळ आली तेव्हा म्हाळसाबाईंनी शेजारच्या चतुराबाईंना हाक मारली. स्वतः उंबऱ्यात बसून सांगत राहिल्या, "तिची पाठ खालून वर चोळ. टाळूला जोर नको लावू."

"माय, तूच का लावत नाहीस?"

"मह्या हाताला जोर नाय आता."

शंभर कांद्यांच्या माळा वळणारे हात होते ते! आवडाबाईंना तेव्हा पहिल्यांदा काहीतरी खटकलं. पण बाळंतिणीला झोप आवरत नव्हती. ते तसंच राहून गेलं.

आणि मग १९९४ च्या उन्हाळ्यात विद्यापीठानं प्राथमिक शिक्षकांसाठी गणिताचा सुट्टीतला अभ्यासक्रम काढला. आवडाबाईंनी नाव दिलं ते पदोन्नतीला उपयोग होईल म्हणून. लेण्यांकडच्या डोंगरावरून गरम झळा यायच्या, पंखे नुसते कुरकुरायचे, आणि पन्नाशीचे गुरुजी मागच्या बाकांवर पेंगायचे. शिकवायला पुंजाराम गायके सर होते. पहिल्याच दिवशी त्यांनी फळ्यावर वजाबाकी लिहिली. बावन्न वजा सत्तावीस. उत्तर लिहिलं पस्तीस.

"एका मुलीनं असं केलंय. काय कराल?"

"फुली," पुढून कुणी म्हणालं.

"आधी कान, मग फुली!" सांडू गुरुजी झोपेतून जागे होऊन ओरडले, आणि वर्ग हसला.

"मुलगी ढ आहे?"

"ढ नाय सर, महाढ."

"बरं," गायके सर म्हणाले. "पण हिनं दुसऱ्या गणितातही असंच केलंय. तिसऱ्यातही. ढ माणूस इतका शिस्तीत चुकतो का हो? बघा. दोनातून सात जात नाहीत. मग हिनं सातातून दोन घेतले. पाच. पाचातून दोन, तीन. मोठ्यातून लहान जातं, हे तिला आपणच पहिलीत शिकवलंय. तिनं ते पाळलं. गुरुजी, पोर नियम मोडून नाही, नियम पाळून चुकलंय. आणि हे तुम्हाला फुली मारून कधीच कळणार नाही. त्यासाठी तिला जवळ घेऊन विचारावं लागेल, 'कसं केलंस, सांग बरं.' फुली मारायच्या आधी. नंतर नाही."

सगळे लिहून घेत होते. आवडाबाईंचा पेन थांबला. त्यांना वर्गातली पोरं आठवली नाहीत. आठवली काचेची बशी. पाच बोटांवर आपण फुली मारली, आणि मायला एवढंही विचारलं नाही की त्या पहाटे तू केलंस काय?

पुढच्याच रविवारी त्या धाकटीला काखेत मारून खुलताबादच्या गाडीत बसल्या. धाकटी तेव्हा रांगत होती. म्हाळसाबाई अंगणात शेंगा फोडत होत्या. चहा झाला, रामकिसनची चौकशी झाली.

"माय, एक विचारू? मी कॉलेजला दूध नेलं होतं, त्या दिवशी तू ते कसं काढलं होतंस?"

म्हाळसाबाईंचे हात शेंगांवर थांबले. "आता काय झालं? कोनी काही म्हनलं व्हय?"

"कुणी नाय. तू नुसतं सांग. मी मधी बोलत नाय."

"काय सांगू? उठले. हात धुतले, राखंनं. सडं धुतली कोमट पान्यानं."

"धुतली होतीस?"

"आत्ता म्हनलीस मधी बोलत नाय." म्हाळसाबाई जरा हसल्या. "नवी व्यालेली म्हस, गार हात लावला तर लाथ घालती. धुयाच लागतं. डबा चुलीवर धरून शेकून घेतला. दूध काढलं. मग मिरची टाकली, कोळसा टाकला, फडकं झाकलं—"

"काय टाकलं?"

"मिरची. साठ मानसं बघनार म्हनली व्हतीस ना तू?"

"कुठली मिरची, माय?"

"दारावरची. आमुशाला बांधलेली. गाडी आली तव्हा काढून टाकली. तुला दिसू नाय दिली."

घरात विरजण नसलं की कोमट दुधात मिरचीचं देठ टाकून ठेवायचं, सकाळी दही लागलेलं असतं, हे कोणत्या बाईला माहीत नाही? देठावरचे जंतूच ते काम करतात. आणि ही मिरची तर गोठ्याच्या दारावर कित्येक दिवस धूळ खात लोंबकळलेली.

"माय, अगं मिरचीच्या देठानं दूध विरजतं!"

"ते मीच तर तुला शिकवलंय."

"मग त्या दिवशी माझ्या नळीत दुसरं काय झालं? हात नव्हते तुझे. मिरची होती. मला तेव्हाच बोलली कामून नाहीस?"

"तू इचारलं कुठं?" म्हाळसाबाई अगदी साधेपणानं म्हणाल्या. रागानं म्हणाल्या असत्या तर आवडाबाईंना बरं वाटलं असतं. "तू एकदम बशी दावली. आन् बशीत तर दिसलंच की. पाची बोटं. तिथं थोडीच मिरची टेकवली व्हती मी?"

"माय, ते सगळ्यांचंच तसं असतं. कुणीही बोटं टेकवली तरी उगवतं. मॅडमनी टेकवली असती तरी. माझीही तशीच उगवली असती."

"तुही बी?"

"व्हय."

"मग टेकव म्हनलं तव्हा टेकवली नाय ती?"

आवडाबाईंनी धाकटीला उचललं आणि आईच्या मांडीवर ठेवलं. "घे हिला. तुझ्या हातानं घे. तुझे हात चांगले होते माय, आधीपासनं चांगले होते. माझंच चुकलं. आज हिला तू चुरमा भरव. कुस्करून, बोटानं. मला बघायचंय."

पोरीनं आजीच्या गळ्यातली काळी पोत पकडली. म्हाळसाबाईंनी हात वर केले. एका क्षणासाठी वाटलं, धरतील. मग ते हात तसेच अधांतरी राहिले, पोरीच्या दोन्ही बाजूंनी, ती पडू नये इतके जवळ आणि तिला लागू नयेत इतके लांब.

"पटत नाय का तुला?"

"पटतं की. तू म्हनतीस तर खरंच असंल. शिकलेली हाईस." म्हाळसाबाई नातीकडं बघत बोलत होत्या. "पन तव्हा बी तूच म्हनली व्हतीस, आवडे. तव्हा बी मला पटलंच व्हतं."

पोरगी मांडीवरून घसरायला लागली. म्हाळसाबाईंनी झटकन पदर ओढला, दोन्ही हातांवर घेतला, आणि मग तिला सावरलं. आवडाबाईंनी पुढं होऊन पदर बाजूला करायचा प्रयत्न केला. म्हाळसाबाईंनी करू दिला नाही. "राहू दे गं. तिला काय कळतंय. तिला ऊब लागल्याशी काम."

म्हाळसाबाई त्यानंतर बरीच वर्षं होत्या. आवडाबाई दर सुट्टीला जायच्या, दर वेळी चुरम्याचं ताट आईपुढं ठेवायच्या. म्हाळसाबाई "आत्ता हात धुवून येते" म्हणून उठायच्या. बाहेर पाण्याचा आवाज बराच वेळ चालायचा. तोवर पोरी आपल्या आपण जेवून मोकळ्या व्हायच्या.